साडेचारशे वॅटचे दोन डबे

दुकानाच्या काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्ही काळ्या पत्र्याचे, विटेएवढे, एका अंगाला पंख्याची जाळी. दोन्हींवर ठळक आकडा एकच: ४५० वॅट. भाचीने एक उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, हा तर पोकळ लागतोय!"

ती आर्किटेक्चर शिकते. इमारतींची त्रिमिती चित्रं काढताना जुना लॅपटॉप धापा टाकतो, म्हणून सुटे भाग आणून सिडकोतल्या घरीच संगणक जुळवायचं तिने ठरवलं होतं. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, यावर महिनाभर खल झाला. यादीत सगळ्यात खाली एकच शब्द होता, एसएमपीएस (स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा), आणि त्यापुढची किंमत कोरी. "तो कॅबिनेटसोबतच येतो की, वेगळे पैसे कशाला घालता?" असं दुकानदारही म्हणाला. तो कॅबिनेटसोबतचा म्हणजे हलका डबा. जड डब्याचे मात्र चांगले दोन-तीन हजार वेगळे मोजायचे होते.

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. आकडा एकच असताना वजनात एवढा फरक का, हे कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं. ते शोधता शोधता जे हाती लागलं, त्याने मी अजून थक्क आहे.

हंडा आणि वाटी

भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात असं आपण म्हणतो. ते दर क्षणी तेवढेच नसतात. दाब शून्यावरून चढतो, ३२५ व्होल्टच्या शिखराला टेकतो, उतरतो, उलट्या दिशेला तेवढाच जातो आणि परत येतो. असे सेकंदाला ५० झोके. आता दुसरं टोक बघा. तिथे नखाएवढी सिलिकॉनची चकती बसलेली आहे. तिला लागतो जेमतेम एक व्होल्ट, तोही संथ, एकाच दिशेचा. पण त्या एका व्होल्टवर ती कामाला जुंपली की ऐंशी-नव्वद अँपिअर प्रवाह ओढते. आपल्या अख्ख्या घराच्या मेन स्विचमधून एवढा प्रवाह सहसा जात नाही. तो एका चिपच्या पोटात जातो.

३२५ ते १ हा उतार दोन टप्प्यांत होतो. मोठी उतरंड एसएमपीएस करतो: तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करून देतो. १२ वरून एकावर आणायचं शेवटचं काम मदरबोर्डवर, प्रोसेसरला अगदी खेटून होतं.

दाब उतरवायचा म्हटलं की ट्रान्सफॉर्मर आला. जुन्या रेडिओतला किंवा स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर आठवा. लोखंडी पत्र्यांचा, हात मोडेल असा जड. मग साडेचारशे वॅट देणारा डबा एका हातात मावतो कसा?

ट्रान्सफॉर्मर वीज एका बाजूने दुसऱ्या बाजूला खेपा घालून नेतो. भिंतीतली वीज सेकंदाला ५० च खेपा करते, म्हणून प्रत्येक खेपेला पुष्कळ ऊर्जा उचलावी लागते, म्हणून भांडं मोठं लागतं. आडावरून पाणी आणताना तासाला दोनच खेपा करणार असाल, तर हंडा हवा. पण सेकंदाला लाखभर खेपा करता आल्या तर? मग वाटी पुरे.

एसएमपीएस नेमकं हेच करतो. नावातला 'स्विच' तो हाच. आधी तो भिंतीतल्या झोक्यांना एका दिशेला वळवून सरळ करतो. चांगल्या डब्यात हा सरळ दाब ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवून ठेवलेला असतो. मग या सरळ विजेचे मॉस्फेट नावाचे बटणवजा तुकडे काप करतात, सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद, चालू-बंद. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पुढचं ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला फक्त पंख्याचा आवाज येतो. वटवाघळांच्या पट्टीतली ती धावपळ आपल्या टेबलाखाली अखंड चाललेली असते. हे काप बटाटेवड्याएवढ्या फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरमधून पार होतात आणि पलीकडे पुन्हा सरळ केले जातात. १२ व्होल्ट जरा घसरले की कापाची रुंदी वाढते, चढले की कमी होते. ही दुरुस्ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत हजारो वेळा होते.

घरगुती संगणकात ही पद्धत नावारूपाला आणली १९७७ च्या अॅपल टू या यंत्राने. त्याचा वीजपुरवठा रॉड होल्ट या अभियंत्याने आखला होता. तंत्र त्याआधीही होतं, पण त्याने ते पंख्याविना चालेल इतकं थंड आणि आटोपशीर केलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं आणि डब्याचा आकार, तारांचे रंग, व्होल्टेजच्या मर्यादा ठरून गेल्या. म्हणूनच आज संभाजीनगरात घेतलेला डबा जगातल्या कुठल्याही एटीएक्स कॅबिनेटात स्क्रूला स्क्रू जुळून बसतो.

पाणचक्कीचा हौद

पण कापलेली वीज पुन्हा संथ कशी होते? याचं उत्तर मला पाणचक्कीच्या काठावर उभं राहून कळलं.

मलिक अंबरने १६१० मध्ये आजच्या संभाजीनगरच्या जागी खडकी वसवली तेव्हा या शहरासमोरचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी असंच दुरून, खापरी नळांतून आलेलं पाणी भिंतीवर चढवून उंचावरून सोडलं गेलं, आणि त्या धारेवर फकिरांच्या, वाटसरूंच्या पिठासाठी जातं फिरू लागलं. नहरींच्या वाटेवर मध्ये मध्ये उंच मनोरे आहेत. पाणी त्यात चढतं, नळात कोंडलेली हवा मोकळी होते, दाब मापात येतो, आणि पाणी पुढच्या नळात उतरतं. मनोरे नसते तर खापरी नळ फुटले असते. आणि पाणचक्कीत मशिदीपुढे जो विस्तीर्ण हौद आहे, त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वरून धार कशीही कोसळो, हौदाच्या दुसऱ्या काठाशी पाणी शांत असतं.

एसएमपीएसमधले हौद म्हणजे कपॅसिटर. आत आलेल्या विजेसाठी एक मोठा, बाहेर जाणाऱ्या विजेसाठी अनेक छोटे. कापलेली वीज त्यात पडते आणि दुसऱ्या काठाने संथ निघते. अगदी सपाट मात्र कधीच नाही, बारीक तरंग उरतातच. १२ व्होल्टच्या वाटेवर हे तरंग १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व्होल्टच्या वाटेवर ५० च्या आत असावेत, अशी एटीएक्सची मर्यादा आहे. बाराच्या वाटेवर म्हणजे शंभरात एक. हलक्या डब्यातले हौद उथळ असतात, तरंग मर्यादा ओलांडतात. मग संगणक एकदम बंद पडत नाही, तो आजारी माणसासारखा वागतो. मध्येच निळा पडदा, मध्येच आपोआप रीस्टार्ट. आपण रॅमला, विंडोजला, व्हायरसला दोष देत राहतो.

दुकानातल्या वजनाचं कोडं इथे निम्मं सुटलं. जड डब्यात मोठा हौद असतो, तरंग आणि भिंतीतून येणारा कचरा गाळणाऱ्या तांब्याच्या गुंडाळ्या असतात, उष्णता पसरवणारे अॅल्युमिनियमचे जाड पट्टे असतात. हलक्यात यातलं बरंचसं गाळलेलं असतं. वजन हा पुरावा नव्हे, पण संशय घ्यायला पुरेसं कारण आहे.

मे महिन्याचं गणित

हा कपॅसिटर उघडला तर आत अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये द्रवात भिजवलेला कागद, आणि सगळं सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलेलं. पट्टीवर ऑक्साइडची एक साय असते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाड. चारशे व्होल्ट अडवून धरायचं काम ही साय करते. तिला बारीक ओरखडा गेला तर शेजारचा द्रव तिथे नवी साय धरतो. जखम स्वतःच भरून काढणारा हा पार्ट आहे. पण माठातून पाणी झिरपावं तसा त्याच्या रबरी बुचातून हा द्रव वर्षानुवर्षं उडत असतो. तो आटला की कपॅसिटर संपला.

आटण्याचा वेग उष्णतेवर अवलंबून. अभियंत्यांचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. आता गणित करा. कपॅसिटरवर '१०५ अंश, २००० तास' लिहिलेलं आहे आणि प्रत्यक्षात तो ६५ अंशांवर चालतो. चाळीस अंशांचा फरक म्हणजे चार वेळा दुप्पट: ३२,००० तास. रोज १० तास धरले तर पावणेनऊ वर्षं. त्याच जागी काही रुपयांनी स्वस्त असा ८५ अंशांचा कपॅसिटर घाला. फरक २० अंशांचा, दोनदाच दुप्पट: ८,००० तास. दोन वर्षं आणि थोडे दिवस. वॉरंटी नुकतीच सरलेली असते, आणि आपण म्हणतो, "नशीबच खोटं."

आपल्या गावात हे गणित आणखी कडक होतं. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रभर धग सोडतो, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून डब्याची माहिती वाचताना 'पूर्ण वॅट किती तापमानाला' हे शोधायचं. कुणी ४० अंशांपर्यंत हमी देतो, कुणी ५०. मराठवाड्यात ५० वालाच आपला.

लेबल वाचायची कला

डब्याच्या कुशीवर एक तक्ता छापलेला असतो. भाची आता तो पत्रिकेसारखा वाचते. वरचा मोठा आकडा सोडून द्यायचा आणि १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघायचे, कारण आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी ताकद तिथूनच घेतात. अँपिअर गुणिले बारा, झाला खरा वॅट. तिथे ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट, म्हणजे ४५० चा दावा खरा. १४ अँपिअर असतील तर १६८. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटांवर दाखवलेले असतात, जिथे आता फारसं गिऱ्हाईकच नाही.

आमची गरज किती? ६५ वॅटच्या वर्गातला आमचा प्रोसेसर घाईच्या कामात ९० पर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्डाचे ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. बेरीज २५५. मग ४५० कशाला? एक तर डबा साधारण अर्ध्या भारावर सगळ्यात सुखात चालतो. दुसरं, ग्राफिक्स कार्ड क्षणभर अचानक उसळी घेतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात तर मोठ्या डब्याने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या ताकदीच्या दुप्पट भारही सोसावा, असं लिहिलेलं आहे. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरतं दुप्पट ओझं! तेव्हा ४५० ते ५५० प्रामाणिक वॅट आम्हाला भरपूर. साडेसातशेचा डबा म्हणजे दोघांच्या घरात पंगतीचं पातेलं.

मग ब्राँझ, गोल्ड हे काय? ८० प्लस ही २००४ मध्ये सुरू झालेली पारख आहे. भिंतीतून घेतलेल्या शंभर भागांपैकी किती भाग संगणकाला मिळतात आणि किती उष्णता होऊन जातात, एवढंच ती सांगते. संगणकाला ३०० वॅट हवेत आणि डबा ९० टक्क्यांचा असेल तर तो ३३३ ओढतो. ८० टक्क्यांचा असेल तर ३७५. रोज चार तासांच्या कामाला हा फरक वर्षाकाठी साठेक युनिटांचा पडतो. त्याहून मोलाचं म्हणजे डब्याच्या पोटातली उष्णता ७५ वॅटवरून ३३ वर येते, आणि कपॅसिटरचं गणित तर आपण नुकतंच केलं. पण गोल्ड म्हणजे टिकाऊ, असं ही पारख कुठेच म्हणत नाही. शिवाय ती साधारण २३ अंशांच्या गार प्रयोगशाळेत होते. मे महिन्यात इथे पहाटेही तेवढा गारवा मिळायची मारामार.

टिकाऊपणाची खूण दुसरीकडे शोधावी लागते. बनवणाऱ्याने किती वर्षांची हमी दिली आहे: तीन, पाच की दहा? कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का? भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? आणि आत खरा कारखाना कुणाचा? बऱ्याच नामांकित डब्यांच्या पोटात सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, चॅनल वेल, ग्रेट वॉल अशा मोजक्या कारखान्यांचं काम असतं. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार, असंही सर्रास असतं. म्हणून आडनावावर जाऊ नये, मॉडेल बघावं.

नाही म्हणता येणं

इतकं सगळं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. वीज देणं सोपं आहे, हलका डबाही देतो. जड डब्याचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते मापात देण्याचे, आणि वेळ आली की न देण्याचे.

बटण दाबल्यावर चांगला डबा लगेच संगणक चालू करत नाही. आधी स्वतःच्या सगळ्या वाटांवरचं व्होल्टेज तपासतो. ते ठरल्या मर्यादेत स्थिरावलं की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एका तारेवरून मदरबोर्डला इशारा पाठवतो: आता चालेल. तो येईपर्यंत प्रोसेसर एक पाऊलही टाकत नाही. पुढेही पहारा चालूच. दाब फार वाढला, प्रवाह फार ओढला गेला, कुठे शॉर्ट झालं, आतली उष्णता वाढली, तर डबा आपणहून बंद होतो. स्वस्त डब्यात यातले बरेच पहारेकरी नसतात. असा डबा जळताना एकटा जळत नाही, शेजारच्या ग्राफिक्स कार्डालाही घेऊन जातो.

काही संकटं मात्र चांगल्या डब्याच्याही हाताबाहेरची. जुन्या पद्धतीच्या डब्यांवर मागे लाल सरकबटण असतं, ११५ की २३० हे ठरवणारं. ११५ च्या खुणेवर आतलं सर्किट दाब दुप्पट करून घेतं. आपल्या २३० ला ते चुकून तिकडे सरकलेलं असलं, तर ३२५ चे ६५० होतात आणि कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. दुसरं संकट गल्लीतलं. खांबावर न्यूट्रल तुटला की दोन फेजांमधले चारशे व्होल्ट घरात शिरू शकतात. बल्ब अचानक लखलखले की विचार न करता मेन बंद करायचा.

आणि एक गोष्ट, जी बहुतेकांनी अनुभवलेली असते: अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. यात भुताटकी नाही. डब्याच्या तोंडाशी कचरा गाळणारे दोन इवले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही अर्थिंगशी जोडतात. अर्थिंग धड असेल तर त्यांच्यातला नगण्य प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो आणि आपल्या बोटांतून वाट शोधतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका, म्हणून जिवाला धोका नाही. पण उद्या खरोखर एखादी तार पत्र्याला टेकली तर वाचवायला कुणी नाही, हे त्या झिणझिण्या सांगत असतात. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. तो वीज सहजी घेत नाही, उन्हाळ्यात तर जमीन कोरडीठाक. म्हणूनच जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायचे, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओता असं बजावून जायचे. भाचीच्या घरी आम्ही आधी अर्थिंग धड केलं, मग जड डबा आणला.

जोडताना डब्याच्या तारा तेवढ्या त्याच्याच वापरायच्या. सुट्या होणाऱ्या तारांचं डब्याकडचं टोक प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने जोडते. जुन्या डब्याची तार नव्यात चपखल बसते आणि पाचच्या जागी बारा व्होल्ट पोहोचवू शकते.

सोळा मिलिसेकंद

संगणक पहिल्यांदा सुरू झाला त्या संध्याकाळी पावसाचं वातावरण होतं. भाचीने तिच्या इमारतीचं चित्र तयार करायला लावलं, आणि तेवढ्यात लाइटीने डोळा मिचकावला. दिवा विझून लागला, पंख्याचा सूर क्षणभर पडला. आम्ही दोघांनी श्वास धरला. पडद्यावरची टक्केवारी मात्र एकाच्या पुढे एक मोजत राहिली.

त्या क्षणी डब्यात काय झालं, हे आता आम्हाला ठाऊक होतं. चारशे व्होल्टच्या जवळपास भरलेल्या, ३३० मायक्रोफॅरॅडच्या एका कपॅसिटरमध्ये २५ ज्यूल ऊर्जा असते, किलोभर साखरेची पिशवी अडीच मीटर वर उचलण्याइतकी. भिंतीतून वीज येणं थांबलं की ताकद हौदातून जाते. पूर्ण भारावर निदान १६ मिलिसेकंद तरी तग धरावा, अशी एटीएक्सची कित्येक वर्षांची अट. नव्या आवृत्त्यांत आकडे थोडे बदललेत इतकंच. भिंतीतला एक झोका २० मिलिसेकंदांचा. म्हणजे एक झोका जवळजवळ अख्खा चुकला तरी प्रोसेसरला पत्ता नाही, आणि आमच्यासारखा निम्म्या भारावर असेल तर त्याहून जास्त. इन्व्हर्टर किंवा यूपीएस मधला काळ भरून काढायला धावतो, तोही याच उसन्या वेळात. तो मात्र प्युअर साइन वेव्हचा असावा, चौकोनी लाटेवर काही चांगले डबे रुसतात. आणि वीज परतलीच नाही तर? तर डबा मदरबोर्डला दिलेला 'आता चालेल' हा इशारा, दाब कोसळण्याच्या निदान एक मिलिसेकंद आधी, मागे घेतो. 'आता थांब' एवढं सांगायला तेवढा वेळ पुरतो.

"मामा," भाची म्हणाली, "आत्ता लाइट गेली होती ना?"

"आपली गेली होती," मी म्हणालो. "त्याची नाही."